गुप्त

के. आर. पुरम स्टेशनजवळच्या भिंतीवर एक कन्नड पत्रक चिकटवलेलं आहे: 'गुप्त रोग', खाली फोन नंबर. कन्नड मी अडखळत वाचते, पण हे दोन शब्द भाषांतराविना कळतात. अशा जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा मी पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश दवाखान्यांवरचा एक लेख मराठीत आणत होते. 1916मध्ये तिथे नियम झाले: उपदंश आणि परम्यावर स्थानिक संस्थांनी मोफत उपचार करायचे, तीन चतुर्थांश खर्च सरकारचा, रुग्णाची ओळख बाहेर फुटू द्यायची नाही. 1917च्या कायद्याने भोंदूंच्या जाहिरातींनाही चाप बसला. उपदंशावर साल्वर्सन-वर्गातल्या औषधांची इंजेक्शनं, जोडीला पारा, पुढे बिस्मथ. हे महिनोन्‌महिने चाले. व्रण दिसेनासा झाला की माणूस यायचा थांबे, रोग मात्र आत राही. त्याला परत यावंसं वाटणं औषधाइतकंच महत्त्वाचं होतं.

मी लिहिलं, 'गुप्त रोगांवर गुप्त उपचार'. वाचून पाहिलं, तर भिंतीवरचं पत्रकच!

याच शहराच्या छावणीत एकोणिसाव्या शतकात लॉक हॉस्पिटल होतं. 1868च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग आढळला तर इस्पितळात डांबणं. काळजी सगळी गोऱ्या शिपायांची. 1888मध्ये तो कायदा रद्द झाला. त्या बाईचं काहीच गुप्त राहत नव्हतं, रोगसुद्धा.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक लिहिलं, जुलै 1927पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून 1934मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील डॉ. आंबेडकर, तरी दंड झालाच. विलायतेत जे सरकार या रोगांच्या दवाखान्यांना पैसे देत होतं, त्याच्याच अमलाखाली इथे उत्तर देणारा आरोपी ठरला. तोही 'गुप्तरोग'च म्हणे, कारण वाचकाला तोच शब्द कळे. दुसरा होता 'गरमी'. इथली हिंदी बोलणारी शेजारीण उन्हाळ्यात रोज 'बहुत गर्मी है' म्हणते, आणि मला आजीचा चेहरा आठवतो. तिच्यासमोर हा शब्द काढायची सोय नव्हती.

शेवटी उपचारांपुढचं 'गुप्त' खोडून 'नाव न फोडता' असं लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, 'मग रोगापुढचं का ठेवलंत?' तेही खोडलं. आता तिथे 'लैंगिक संसर्ग' आहे. बरोबर आहे, पण पत्रक वाचून फोन करणारा माणूस हा शब्द वापरत नाही.