घोरणे

घोरणे : झोपेत श्वास आत घेताना घशातला मऊ भाग थरथरून होणारा खरखरीत आवाज. शब्द आवाजावरूनच घडला आहे. मांजराची घुरघुर आणि माणसाचे घोरणे एकाच कुळातले. वैद्यकात घोरण्याची गणना लक्षणांत होते, पण इतर लक्षणांत आणि यात एक मोठा फरक आहे. ताप, खोकला, पोटदुखी ज्याची त्याला कळते. घोरणे ज्याचे असते त्याला त्याचा पत्ताच नसतो. झोपमोड शेजारच्याची होते आणि घोरणाऱ्याला दवाखान्यात ओढून नेणाराही बहुधा तोच. म्हणून घोरण्यावर उपाय शोधताना रुग्ण दोन धरावे लागतात, एक घोरणारा आणि एक ऐकणारा. ऐकणाऱ्याला बरे वाटेल असा उपाय घोरणाऱ्याला महागात पडू शकतो. घरगुती उपायांच्या याद्यांत नेमकी हीच गोष्ट सांगितलेली नसते.

आवाजाचे कारण : नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतच्या वाटेला हाडांचा आधार फारसा नाही. जागेपणी स्नायू ती उघडी धरून ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात, आणि माणूस उताणा असेल तर जीभही मागे ओघळते. वाट अरुंद झाली की त्याच हवेला वेगाने जावे लागते. वेग वाढला की दाब घटतो आणि भिंती आत ओढल्या जातात. मग पडजीभ आणि टाळूचा मागचा मऊ पडदा वाऱ्यावरच्या पताकेसारखे फडफडू लागतात. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल मोठे असतील, सर्दीने नाक चोंदले असेल, रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर वाट आणखी आवळते. ‘नाकाचे हाड वाढलंय’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पुष्कळदा वाढलेले काही नसते, दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो. घोरणारा लठ्ठच असला पाहिजे, हाही गैरसमज. जबडा लहान किंवा मागे बसलेला असेल तर सडपातळ माणूसही छप्पर हलवतो.

आवाजाची पातळी : स्वीडनमधील ऑरेब्रो येथील रुग्णालयात २४ मे १९९३ रोजी कोरे वाल्कर्ट या गृहस्थांचे घोरणे ९३ डेसिबल मोजले गेले आणि गिनीज बुकात गेले. सामान्य घोरणाऱ्याची मजल ५० डेसिबलच्या आसपास असते. भारतातील ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. लाउडस्पीकरविरुद्ध पोलिसांत जाता येते; शेजारच्या उशीविरुद्ध अजून तरी तशी सोय नाही. या बाबतीतला आपला आद्यपुरुष अर्थातच कुंभकर्ण. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात त्याला उठवायला आलेले राक्षस त्याच्या उच्छ्वासाच्या झोताने मागे रेटले जातात आणि मोठ्या कष्टाने गुहेत शिरतात.

साक्षीदार : रात्रीचा दीड. नवरा उताणा, तोंड उघडे. बायको कोपराने ढोसते, “अहो, कुशीवर व्हा.” तो म्हणतो, “जागाच आहे मी,” कूस बदलतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाठीवर येऊन सूर लावतो. इथवर हे विनोदी आहे, आणि लग्नघरात जाजमावर ओळीने झोपलेल्या पाहुण्यांच्या गप्पांत ते तसेच सांगितले जाते. मग कधी तरी घोरणे मध्येच थांबते. ऐकणारी सुटकेचा निःश्वास टाकते, पण त्याचा श्वास काही ऐकू येत नाही. ती मनात आकडे मोजू लागते. दहा, पंधरा, वीस. छाती-पोट हलताना दिसते, हवा मात्र जात नाही. मग एकदम घुसमटल्यासारखा मोठा आचका येतो आणि घोरणे पूर्ववत. ही शांतता आवाजापेक्षा वाईट. तिला निद्राश्वसनरोध म्हणतात. बोलण्यात ‘स्लीप ॲप्निया’ हाच शब्द रुळला आहे. वाट नुसती अरुंद न होता पूर्ण मिटते, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि स्नायू ताणून वाट उघडतो. रात्रीतून हे शेकडो वेळा होऊ शकते. घोरणाऱ्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही. जड डोके, कोरडे पडलेले तोंड, दुपारी कामावर लागणाऱ्या डुलक्या आणि औषधांना दाद न देणारा रक्तदाब एवढेच त्याच्या वाट्याला येते.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड धरतात. पूर्ण थांबलेले आणि निम्म्यावर आलेले श्वास मिळून तासाला ५ ते १५ वेळा अडथळा आला तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाला ५ किंवा अधिक अडथळे १९.५ टक्के पुरुषांत आढळले, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत. मराठी घरांत ‘स्लीप ॲप्निया’ हा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या मुंबईतील निधनाच्या बातम्यांतून.

ऐकणाऱ्याचे किती नुकसान होते याचे सर्वांत बोलके मोजमाप अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९९ मध्ये केले. अभ्यास लहान, फक्त १० जोडप्यांचा. घोरणाऱ्या नवऱ्यासोबत बायकोलाही झोप नोंदवणाऱ्या तारा लावून त्याच पलंगावर झोपवले. अर्धी रात्र तशीच, अर्धी रात्र नवऱ्याला वाट उघडी ठेवणारे हवेच्या दाबाचे यंत्र (सीपॅप) लावून. अंथरुणात काढलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा बायकोच्या बाबतीत ७४ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेला. आठ तासांच्या रात्रीत हा फरक तासाभराचा होतो. वर्षानुवर्षे रोज एक तास झोप बुडालेल्या बाईला ‘चिडचिडी’ ठरवणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

साक्षीदार नेहमी बायकोच असते असे नाही. इस्रायलमधील झोपेच्या एका प्रयोगशाळेत सुमारे १,९०० रुग्णांची नोंद तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८८ टक्के स्त्रिया घोरत होत्या, पण तसे सांगणाऱ्या ७२ टक्केच निघाल्या. आवाजही पुरुषांपेक्षा जेमतेम कमी. आपल्याकडे बाईचे घोरणे हा विनोदाचाही विषय नाही, तो लाजेचा विषय आहे; नवरा बोलत नाही, सासू बोलली तर टोमणा होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर वाढलेला त्रास थकवा किंवा ‘वयच झालं’ या नावाखाली झाकला जातो.

उपाय : पहिला उपाय फुकटचा. मोबाइलवर रात्रभराचा आवाज नोंदवावा, जमल्यास दोन मिनिटांचे चित्रीकरण करावे. “मी कुठे घोरतो?” हा वाद तिथे मिटतो आणि डॉक्टरांना ऐकवायला पुरावा मिळतो. श्वास थांबतो का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरवर आहे का, या प्रश्नांची उत्तरे जोडीदाराने द्यावीत. त्यातल्या पहिल्याचे उत्तर फक्त त्याच्याकडेच असते. उत्तरे होकारार्थी आली तर पुढचे घरगुती प्रयोग करत महिने घालवू नयेत, झोपेची तपासणी करून घ्यावी. त्यात श्वासाचा झोत, छातीची हालचाल, प्राणवायू आणि नाडी यांची रात्रभर नोंद होते. हल्ली हे यंत्र घरी नेऊनही तपासणी करता येते.

श्वास थांबत नसेल, नुसता आवाज असेल, तर कुशीवर झोपणे पुष्कळांना पुरते. पाठीवर उलटू नये म्हणून जुनी युक्ती अशी : वापरात नसलेल्या बनियनला मागच्या बाजूने, दोन खांद्यांच्या मधोमध खिसा शिवायचा आणि त्यात टेनिसचा चेंडू घालून खिशाचे तोंड टाक्यांनी बंद करायचे. उताणे झाले की चेंडू टोचतो आणि झोपेतच कूस बदलते. काही दिवसांत चेंडू काढून फेकला जातो, हा या युक्तीचा नेहमीचा शेवट. तरी ज्यांनी महिनाभर सोसला त्यांना सवय लागते. उशांची चळत मात्र करू नये. मान पुढे दुमडते आणि वाट उलट आवळते. पलंगाची डोक्याकडची बाजूच विटांवर चढवलेली बरी.

वजनाचे गणित सरळ आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत वजन १० टक्क्यांनी वाढले की श्वासाचे अडथळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात आणि १० टक्क्यांनी उतरले की सुमारे २६ टक्क्यांनी घटतात, असे २००० मध्ये दिसले. लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे औषध आहे, घोरण्याची गोळी नाही. दारू झोपण्याच्या तीन-चार तास आधी संपवावी. ‘आज दमलोय म्हणून घोरलो’ असे सांगणाऱ्याने आदल्या संध्याकाळी काय घेतले होते, हे घरच्यांना ठाऊक असतेच.

नाक चोंदणाऱ्यांना मिठाच्या पाण्याने नाक धुणे, ॲलर्जीवरचा फवारा, नाकावर चिकटवायची पट्टी यांचा उपयोग होतो. आवाज घशातून येत असेल तर होत नाही. नाकात तुपाचे किंवा तेलाचे थेंब हा आपल्याकडचा आवडता उपाय. नस्य ही आयुर्वेदातील रीतसर क्रिया आहे. पण रोज रात्री झोपताना स्वतःच थेंब सोडण्याची सवय निर्धोक नाही. तेलकट थेंब फुप्फुसात उतरत राहिले तर न्युमोनियासारखा दाह होतो. समाजमाध्यमांवरून आलेली तोंडाला चिकटपट्टी लावण्याची टूम नाक बंद असणाऱ्याने करणे म्हणजे दोन्ही दारे लावून घेणे. चुंबकाच्या नथण्या आणि हनुवटीचे पट्टे यांच्या जाहिराती जोरकस आहेत, पुरावा तेवढा नाही.

घशाच्या स्नायूंचा व्यायाम हा त्यामानाने विश्वासार्ह मार्ग, आणि त्याची कथा रंजक. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे लांबलचक फुंकवाद्य चार महिने शिकवून स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांवर प्रयोग झाला. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : दिवसाची पेंग घटली आणि जोडीदाराची झोपमोडही. २०१७ मध्ये या शोधाला इग्नोबेल पारितोषिक मिळाले, तेही शांततेचे. आपल्याकडे डिजरिडू नाही, पण देवघरात शंख असतो. जयपूरमधील ३० रुग्णांच्या छोट्या अभ्यासात सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची पेंग आणि श्वासाचे अडथळे कमी झाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णसंख्या पाहता हा उपचार म्हणण्यापेक्षा आशादायक जोड म्हणावा. पहाटे शंख फुंकून शेजाऱ्यांची झोपमोड करण्याचा प्रश्न वेगळाच.

दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेले, खालचा जबडा पुढे धरणारे साधन साधे घोरणे आणि सौम्य-मध्यम आजार यांत चांगले चालते. शस्त्रक्रियेने पडजीभ आणि टाळूचा काही भाग कापण्याची पद्धत १९८१ मध्ये अमेरिकेत फुजिता यांनी प्रचारात आणली. ती फार दुखते आणि काही वर्षांत आवाज परतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून आज औषधाने झोपवून, दुर्बिणीने वाट नेमकी कुठे मिटते ते पाहून मगच सुरी उचलतात. लहान मुलांचे मात्र उलट आहे. मूल रोज घोरत असेल तर ‘बापावर गेलंय’ म्हणून हसू नये. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर बहुतेकांचा त्रास सुटतो.

तीव्र आजारावरचा मुख्य उपाय म्हणजे हवेच्या सततच्या दाबाचे यंत्र, सीपॅप. त्यापूर्वी खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणे. सिडनीचे कॉलिन सलिवन यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी चालवून रुग्णाच्या नाकात हवा सोडली, आणि मिटणारी वाट आतूनच फुगवून उघडी ठेवता येते हे पाच रुग्णांवर दाखवून १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुष्कळ लोक हे यंत्र घेतात आणि महिन्याभरात कपाटावर ठेवतात, कारण हवा देणारा मुखवटा बहुधा मापाचा नसतो. आठवडाभर दिवसा, टीव्ही पाहताना लावून सवय केली तर रात्री तो जाचत नाही.

कानातले बोळे आणि वेगळी खोली : ऐकणाऱ्यापुरते हे दोन उपाय. जुन्या वाड्यांत पुरुष ओसरीवर आणि बायका माजघरात निजत, तेव्हा नवराबायकोने वेगळे झोपण्यात आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना दिसते तेवढे नाट्य नाही. मुंबईतल्या एका खोलीत मात्र वेगळे होणे म्हणजे कुणी तरी स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकणे. फोमचे बोळे मऊ करून, पिळून नीट बसवले तर आवाज बराच दबतो. घोरण्याचा खर्ज थोडा पोहोचतोच, तो पंख्याच्या आवाजात मिसळतो. अडचण एकच. बोळे घातले किंवा दार लावून घेतले की श्वास थांबल्याचे ऐकणारे कुणी उरत नाही. म्हणून तपासणी आधी, बोळे नंतर. यंत्र सुरू झाल्यावरही पहिले काही आठवडे त्याच खोलीत झोपावे : मुखवटा सरकला की कडेने हवा निसटून बारीक ‘सूं’ ऐकू येते, आणि पट्टा एक घर आवळायला हवा हे घोरणाऱ्याच्या आधी शेजारच्याला कळते.