नोंद एका ओळीची

आपल्याकडे माणूस बहुधा घरातूनच स्मशानात जातो. अमेरिकेत मधे ‘फ्युनरल होम’ असते. न्यूयॉर्कचे फ्रँक कॅम्पबेल यांचे १८९८ सालचे. ऑगस्ट १९२६ मध्ये मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो ३१ व्या वर्षी गेला, तेव्हा दर्शनाच्या रेटारेटीत तिथल्या काचा फुटल्या. १९६९ साली ज्युडी गार्लंडसाठी तिथेच हजारोंची रांग लागली. वर्तमानपत्रांनी दोन्ही गर्द्या नोंदवल्या.

त्याच १९६९ साली आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला. मृत्यू २१ दिवसांत कळवायचा; मंत्री असो वा शेतमजूर, नोंद सारखीच. मला ही ओळ त्या गर्दीपेक्षा मोलाची वाटते. कायद्याआधी गेलेल्या कितीतरी जणांना तीही मिळाली नाही. मंडळी, घरातल्या अशा माणसांची नावे, आठवतील त्या तिथी, एका वहीत लिहून ठेवा.