खापरा उडत नाही

'क्लासेसचं पेव फुटलंय' असं आपण सहज बोलून जातो. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, किड्यांवर बोलायचा आमचा अधिकार कमीच. पण धान्य कोण साठवतो आणि ते कुणाच्या ताटात किडकं पोचतं, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. घट्ट, पाणी न लागणारी जागा बघून खणायचं, तळाला नि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. आत दाणे श्वास घेतात, किडेही घेतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरतात. विषाची गरजच नाही. म्हणून तर पेव उघडल्यावर माणूस लगेच उतरत नसे. आधी पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. कडेची ज्वारी भिजायची, तिला वास यायचा, हेही खरं. पेवाचं गुणगान करणारे एवढं नेमकं विसरतात. बियाणं मात्र वेगळं, कणगीत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून.

मग धान्य पोत्यात गेलं. 1869 साली सुएझ कालवा उघडला, 1873 मध्ये गव्हावरचा निर्यातकर उठला, आणि हिंदुस्थानचा गहू रेल्वेनं बंदरात, तिथून युरोपात जाऊ लागला. पोत्यांच्या शिवणीत बसून आणखी एक प्रवासी निघाला: खापरा भुंगेरा. हा मूळचा आपल्याच उपखंडातला मानतात, पण 1898 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं ते एव्हर्ट्स या डच कीटकतज्ज्ञानं. विलायतेतल्या माल्टच्या कोठारांत तो ठाण मांडून बसला. 1953 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा तिथं अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून आत मिथिल ब्रोमाइड सोडावा लागला. याची अळी भिंतीच्या फटीत अन्नावाचून काही वर्षं काढते. आणि गंमत बघा, खापऱ्याला पंख आहेत, पण तो उडत नाही. म्हणजे तो जिथं जिथं पोचला, तिथं माणसानंच त्याला नेलं.

आमच्या तरुणपणी रेशनवर लाल मिलो यायची. बायका ती ताटात घेऊन निवडायच्या. पोखरलेला दाणा बाजूला टाकला की भाकरी तेवढी लहान. त्याच 1960च्या दशकात सरकारच्या पानसे समितीनं कापणीनंतरची नासाडी 9.33 टक्के धरली, त्यात एकट्या साठवणुकीतली 6.58. टक्के कागदावर सगळ्यांना सारखेच वाटले जातात हो! प्रत्यक्षात ते रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पिशवीतून जातात.

1965 साली अन्न महामंडळ स्थापन झालं, मोठाली गोदामं आली, आणि त्यांच्याबरोबर फॉस्फिनच्या गोळ्या. वायू उत्तम, स्वस्त. अट एकच, तो आत कोंडून राहिला पाहिजे. आच्छादन फाटकं असेल तर अर्धाच वायू उरतो. दुबळे किडे मरतात, चिवट वाचतात आणि त्यांचीच वीण वाढते. 1972-73 च्या जागतिक पाहणीतच एफएओला फॉस्फिन पचवणारे किडे अनेक देशांत आढळले होते. दुसरा पर्याय मिथिल ब्रोमाइड, तर तो ओझोनचा शत्रू ठरला आणि साठवणुकीतला त्याचा वापर बंद करत आणावा लागला. म्हणजे विष वापरायचं तरी हवा कोंडणं आलंच. जे काम पेवात माती करत होती, तेच!

1980च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये, चवळीतल्या भुंगेऱ्यांसाठी, अमेरिकी संशोधकांनी तीन पदरी हवाबंद पोतं तयार केलं. आत प्लास्टिकचे दोन पदर, बाहेर विणलेलं पोतं; प्राणवायू संपतो, भुंगेरे थांबतात. सोलापूरकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला हे दाखवलं तर तो विचारील, 'यात नवं काय, मास्तर?' आम्ही सांगू, बाबा, कडेची ज्वारी भिजत नाही.