शनिवारच्या रात्रीचे ब्रुकलिन

‘सॅटरडे नाइट फीवर’ हा जॉन बॅडम यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकी चित्रपट डिसेंबर १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. जॉन ट्रॅव्होल्टाचा पांढरा सूट आणि पायांखाली उजळणारी नृत्यभूमी एवढ्यावरच तो जगाच्या लक्षात राहिला, हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. मुळात ती न्यूयॉर्कमधल्या कामगार वस्तीतल्या तरुणांची करुण कथा आहे.

चित्रपटात वाजणारे डिस्को संगीत या वस्तीत जन्मले नव्हते. १९७० पासून डेव्हिड मॅन्क्यूसो मॅनहॅटनमधील आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ या नावाने नृत्यमेळे भरवत असे. तिथे आणि तशाच इतर ठिकाणी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोक एकत्र नाचत. पोलिसांच्या धाडी आणि समाजाची अवहेलना सोसणाऱ्या या मंडळींना तिथे निर्धास्तपणा मिळे. पाच-सहा वर्षांत हे संगीत शहरभर पसरले आणि ब्रुकलिनच्या बे रिज भागातील इटालियन वंशाच्या मुलांपर्यंत पोहोचले.

तो काळ शहराच्या पडतीचा होता. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली होती आणि कारखान्यांतले रोजगार आटत चालले होते. चित्रपटातला एकोणीस वर्षांचा टोनी मनेरो रंगाच्या दुकानात नोकरी करतो. त्याच्या वडिलांचे बांधकामावरचे काम सुटलेले आहे. टोनीला चार डॉलरची पगारवाढ मिळते, तेव्हा वडील तिची टवाळी करतात. दुकानात वर्षानुवर्षे राबलेले सहकारी समोर असल्यामुळे आपले पुढे काय होणार हेही त्याला दिसत असते. फक्त शनिवारी रात्री ‘२००१ ओडिसी’ या क्लबात त्याला मान मिळतो. हा क्लब बे रिजमध्ये खरोखरच होता. उजळणारी फरशी मात्र चित्रपटासाठी बसवण्यात आली.

या झगमगाटाबाहेर घडणारे सगळे भीषण आहे. मित्रांच्या गाडीत ॲनेट या मुलीवर बलात्कार होतो. प्रेयसीला दिवस गेल्याने गांगरलेला टोनीचा मित्र बॉबी कुणी आपले ऐकून घेईल का, हे शोधत राहतो आणि शेवटी व्हेराझॅनो पुलावरून पडून मरतो. नृत्यस्पर्धेत पोर्तो रिकोचे जोडपे सरस ठरूनही परीक्षक बक्षीस आपल्या वस्तीतल्या टोनीला देतात. त्याला हे कळते आणि तो चषक त्या जोडप्याच्या हाती ठेवतो. चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग हाच. ज्यांच्यात हे संगीत वाढले, त्यांनाच तिथे परके ठरवले गेले होते. तरीही टोनीला नायक म्हणून निर्दोष ठेवलेले नाही. त्यानंतर लगेच तो स्वतः आपल्या नृत्यजोडीदार स्टेफनीवर जबरदस्ती करू पाहतो.

चित्रपटाचा आधार होता निक कोन यांचा जून १९७६ मध्ये ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकात आलेला लेख. तो वृत्तान्त म्हणून छापला गेला. मध्यवर्ती तरुण बहुतांशी काल्पनिक असून तो लंडनमधल्या एका ओळखीच्या मुलावर बेतला होता, असे कोन यांनी सुमारे वीस वर्षांनी कबूल केले. बे रिजचा तपशील मात्र चित्रीकरणातून पडद्यावर आला, कारण अनेक दृश्ये त्याच रस्त्यांवर चित्रित झाली.

यश अफाट होते. बी जीज या गायकगटाची गाणी असलेला चित्रपटाचा अल्बम अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. १९७९ मध्ये निर्मात्यांनी शिव्या आणि हिंसा कमी करून किशोरवयीनांसाठी नवी आवृत्ती काढली. कथेतला काळोख असा फिका केल्यावर उरला तो नाच, आणि डिस्कोचा बाजार त्यावरच फोफावला. त्याविरुद्धचा रागही तितकाच तीव्र होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. या संतापात कृष्णवर्णीय व समलिंगी लोकांविषयीचा द्वेष मिसळलेला होता, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते पटण्याजोगे आहे.

ओडिसी क्लबची इमारत २००५ मध्ये पाडण्यात आली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये हा चित्रपट जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला.