बारा गावं आणि एक डोंगर

आज ज्या लॅपटॉपवर मी स्क्रिप्ट लिहिली, त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियम येतं बॉक्साइटमधून, आणि बॉक्साइट कोणाच्या तरी डोंगरातून. आजची गोष्ट अशाच एका डोंगराची. ओडिशातला नियमगिरी.

रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांमधली ही रांग. इथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. त्यांचा देव नियमराजा, आणि डोंगर म्हणजेच त्याचं घर. माथ्यावर बॉक्साइट, साधारण सात कोटी टन. खाली वाहणारे झरे त्याच डोंगरातून निघतात.

आता क्रम बघा. वेदांताच्या लांजीगढ रिफायनरीला पर्यावरण मंजुरी मिळाली 2004 मध्ये. कारखाना उभा राहिला, सुरूही झाला. पण वरच्या खाणीला जंगलाची परवानगी तेव्हा मिळालेलीच नव्हती! आमच्या भाषेत सांगायचं तर, सगळा कोड लिहून झाला आणि मग क्लायंटला विचारलं, 'तुम्हाला हे हवंय का?' करोडो रुपये ओतल्यावर विचारलेल्या प्रश्नाला प्रश्न म्हणायचं का?

ऑगस्ट 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे 660 हेक्टर वनजमीन खाणीसाठी द्यायला हिरवा कंदील दाखवला. वाटलं, संपला विषय. पण 2006 चा वनहक्क कायदा आता लागू झाला होता. एन. सी. सक्सेना समितीने 2010 मध्ये सांगितलं की इथे तो पाळला गेलेला नाही. त्याच ऑगस्टमध्ये जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली.

ओडिशाचं सरकारी खाण महामंडळ कोर्टात गेलं. 18 एप्रिल 2013 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं: ग्रामसभांना विचारा. खाणीमुळे त्यांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांवर गदा येते का, हे त्यांनी ठरवावं.

डोंगरावर शंभराहून जास्त वस्त्या. राज्य सरकारने निवडल्या फक्त बारा. त्यावर टीकाही झाली. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांसमोर एकेक सभा झाली. निकाल? बारापैकी बारा गावं, 'नाही'. जानेवारी 2014 मध्ये केंद्रानेही खाण नाकारली.

मी काही खाणविरोधी नाही, लॅपटॉप तर समोरच आहे. रिफायनरीही आजही चालते, बाहेरून आणलेल्या बॉक्साइटवर. पण आपण 'लोकांचा पाठिंबा मिळवणं' म्हणतो ना, तेव्हा बहुतेक वेळा शाळा, दवाखाना, नोकरी यांची यादी समोर ठेवतो. नियमगिरीने दाखवलं की 'नाही' म्हणायची सोय असेल, तरच 'हो' ला काही किंमत असते.

आपल्या गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघतंय. तिथली बातमी वाचाल तेव्हा एवढंच शोधा: ग्रामसभेला विचारलं होतं का, आणि विचारलं ते आधी की नंतर?

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा.