वैरिणीच्या हातचे सोने

दिवाळीच्या सुमारास आमच्या झरी जामणीकडे कापसाची वेचणी सुरू होते. या पांढऱ्या सोन्याच्या बळावरच घरोघरी सण साजरा व्हायचा. कपाशीची आणि हरभऱ्याची एक हाडवैरीण म्हणजे मर रोग आणणारी ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ ही बुरशी. हिच्यापायी उभे झाड वाळून जाते. याच जातीच्या बुरशीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सोन्याचे कण घडवले, हे वाचून मी थक्क झालो.

ही विद्या तशी जुनी. 1857 साली मायकेल फॅरेडेने सुवर्णक्षारापासून माणकासारखे लाल पाणी केले. ती लाली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची होती. मात्र त्यात मीठ पडले, की कण एकमेकांना चिकटत आणि पाणी निळे होई. जिलेटिनसारखे प्रथिन घातले, तर ते कणांना सांभाळते आणि लाली टिकते. हे सामर्थ्य मोजण्याची रीत झिगमोंडीने 1901 मध्ये दिली.

मुरली शास्त्री, अबसार अहमद आदी संशोधकांनी 2002 मध्ये हे दोन्ही व्याप बुरशीवरच सोपवले. तिने सोडलेल्या द्रव्यांनी क्षारातले सोने मोकळे केले आणि तिच्याच प्रथिनांनी कणांना एकमेकांपासून दूर ठेवले. कण 20 ते 40 नॅनोमीटरचे; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

यात किमया नाही, बरे का! बुरशी मातीचे सोने करीत नाही. क्षारात ते आधी असावेच लागते. शेतात तिचा बंदोबस्त करायलाच हवा. पण प्रयोगशाळेत तिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली सोनाराचे काम केले, हेही तितकेच खरे.