पालखी कुठल्या दाराशी थांबते? : माझगावचे चिनी नववर्ष आणि आपण

फाल्गुन लागला की दापोलीच्या गावागावांतून ढोल घुमू लागतात. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते, मग घरोघरी फिरते. अंगणात नाचवली जाते, घरची बाई देवीची ओटी भरते. काळ्या वेषातला, उंच टोपीचा आणि पांढऱ्या दाढीचा संकासुर घुंगरे वाजवीत पुढे येतो. पोरे त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. एरवी देवळात माणसे जातात; शिमग्यात देव रस्त्यावर येतो. रस्त्यावरचा सण म्हणजे गाव कोणाकोणाचे आहे, याची वर्षातून एकदा होणारी जाहीर उजळणीच असते. म्हणूनच पालखी कुठल्या दाराशी थांबते हा प्रश्न केवळ भक्तीचा नसतो, तो इतिहासाचाही असतो.

चिनी नववर्षाचे स्वरूप याहून फार निराळे नाही. तेही चांद्र कालगणनेचे, तिथेही अधिकमास. ते बहुधा आपल्या माघ शुद्ध प्रतिपदेच्या आगेमागे येते आणि पंधराव्या दिवशी कंदिलांच्या पौर्णिमेला संपते. त्यानंतर साधारण महिन्याने आपला शिमगा. ढोल-झांजांच्या गजरात सिंहाचे सोंग दारोदारी नाचते आणि घरातली इडापिडा घालवते. कोलकात्याच्या टांग्रा भागात हे नृत्य रस्त्यावर पाहायला मिळते. महाराष्ट्रात मात्र हा सण शोधायचा तर मुंबईत माझगावला जावे लागते.

गोदीजवळच्या एका गल्लीत ‘सी यप कून’ हे लहानसे चिनी मंदिर आहे. ते 1919 साली उभारले गेले. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातल्या त्या चार परगण्यांतून आलेल्या, जहाजांवर व गोदीत राबणाऱ्या लोकांचे हे दैवत-स्थान. मुख्य देव क्वान कुंग. तो मुळात हान साम्राज्याच्या अखेरच्या काळातला सेनानी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकारंभी मारला गेला, पुढे लोककथांतून आणि ‘तीन राज्ये’ या कादंबरीतून निष्ठेचा व बंधुभावाचा देव झाला. परमुलखात रक्ताचे नातेवाईक नसलेल्या खलाशांनी मानलेल्या भावांचा देव निवडावा, हे किती स्वाभाविक!

पण आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे ती तिथली दुसरी देवता, क्वान यिन. ही करुणेची देवी म्हणजे मुळातला आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत संकटांतून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, आणि त्या संकटांत बुडणारे जहाजही आहे. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांतही बौद्ध वज्रयान आणि पुढे नाथपंथ यांच्या खुणा एकाच डोंगरात नांदताना दिसतात. हा बोधिसत्त्व चीनमध्ये गेला, शतकांच्या ओघात स्त्रीरूप झाला आणि विसाव्या शतकात खलाशांच्या सोबतीने मुंबईच्या बंदरात परतला. आपणच तिला ओळखले नाही.

ओळख नसण्याचे कारण संपर्क नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. कालिदासाला ‘चीनांशुक’ ठाऊक होते. ‘चहा’ हा शब्द चिनी आहे. फारसीतून आलेल्या ‘दालचिनी’चा मूळ अर्थच ‘चिनी लाकूड’. आणि आज दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ ‘कोकण तेज’ या नावाने दालचिनीचेच वाण देते. वस्तू आणि शब्द सहज घरचे झाले. माणसांचे काय?

एकोणिसाव्या शतकात मलाक्काच्या सामुद्रधुनीकडील इंग्रज वसाहतींतून चिनी कैदी महाबळेश्वरला आणले गेले. तिथला तुरुंग 1864 साली बंद झाला. या कैद्यांनी बटाटा व विलायती भाज्यांचे मळे केले, वेताच्या टोपल्या विणल्या. आज त्यांची खूण म्हणून उरला आहे तो ‘चायनामॅन’ नावाचा धबधबा. पर्यटक त्याचे छायाचित्र काढतात. त्या नावामागे बेड्या घातलेली माणसे होती, हे क्वचितच कोणाला आठवते.

मग 1962 आले. सीमेवरच्या युद्धाची झळ इथल्या चिनी कुटुंबांना बसली. ईशान्य भारत व बंगालमधून सुमारे तीन हजार माणसे राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबली गेली. त्यांत भारतात जन्मलेली मुले होती, म्हातारेही होते. इतरत्र राहिलेल्यांवर नोंदणीची आणि हिंडण्याफिरण्याची बंधने आली. अनेक कुटुंबे देश सोडून गेली. ज्या समाजाला आपला चेहराच पुरावा ठरेल अशी धास्ती वाटते, तो रस्त्यावर ढोल कसा वाजवणार? आज माझगावचे नववर्ष उरलेल्या मोजक्या कुटुंबांचे आहे : उदबत्त्या, लाल कंदील, फळांचा नैवेद्य, मध्यरात्रीची प्रार्थना आणि कुतूहलाने डोकावणारे काही शेजारी.

याच्या उलट बाजूचा इतिहास आपल्याला पाठ आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, ग्वो चिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि 1942 साली तिथेच निवर्तले. शांतारामबापूंनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला. जयश्रीबाई त्यात चिनी पत्नी झाल्या. चीनने कोटणिसांचे पुतळे उभारले. आपल्यातून गेलेल्याला परक्यांनी आपले मानले याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. आपल्याकडे आलेल्याला आपण काय मानले, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.

अलीकडे ‘बहुसांस्कृतिक महोत्सव’ हा शब्द रूढ होतो आहे. रस्ता बंद करून खाद्यपदार्थांची दुकाने मांडावीत, मुलांना कागदी कंदील करायला शिकवावे, सिंहनृत्य पाहावे, हे सारे चांगलेच आहे. पण चिनी पदार्थ तर आपल्या नाक्यानाक्यावरच्या गाडीवर कधीच पोहोचले आहेत. त्याने चिनी माणूस जवळ आला नाही. वारसा साजरा करायचा तर तो ताटाबरोबर स्मरणातही वाढावा लागतो, आणि त्या स्मरणात महाबळेश्वरचा तुरुंग व देवळीची छावणीही असावी लागते.

कोकणात पालखी दाराशी आली की घरमालक बाहेर येतो. तो कोण, कुठला, किती पिढ्यांचा, हे गावाला ठाऊक असते. माझगावच्या त्या दाराविषयी आपल्याला एवढे तरी ठाऊक असावे. आपण तिथे पाहुणे म्हणून एकदा गेलो, तर क्वान यिनच्या मूर्तीत कान्हेरीची ओळख पटण्याची शक्यता आहे.